लोको शेडचा (इंजिनघराचा) नकाशा काढून द्या: मराठवाड्यातल्या निवृत्त रेल्वेवाल्यांना खुले पत्र

आदरणीय काका, चाचा, मामा आणि मावश्यांनो,

तुमच्यापैकी कुणी पूर्णेचे, कुणी परभणी-नांदेडकडचे, कुणी हिंगोलीचे, कुणी लातूरच्या बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचे. कुणी ड्रायव्हर होतात, कुणी फायरमन, फिटर, बॉयलरमेकर, खलाशी म्हणजे शेडातले मदतनीस, पॉइंट्समन, कोळसा भरणारे. मी तुमच्यातल्याच एका फायरमनची मुलगी. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. पुढं ३१ वर्षं आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल या ट्रेडची निदेशक होते, म्हणजे पोरांना नकाशे काढायला शिकवणं हेच माझं काम. आज तुमच्याकडं एकच मागणं घेऊन आले आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात तुम्ही ज्या शेडात, ज्या यार्डात आयुष्य काढलं, त्याचा नकाशा तुमच्या हातानं काढून द्या. आठवतो तसा, जमेल तसा, पण तुमच्या हातानं.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये इंग्लंडमधून एक बातमी आली होती. बर्मिंगहॅम शहरात नव्या वेगवान रेल्वेचं स्टेशन बांधायचं होतं. बांधकामाआधी पुरातत्त्वाच्या लोकांनी जमीन उकरली, तर खाली जुनं इंजिनघर निघालं. रॉबर्ट स्टीफन्सनच्या आराखड्यावरून बांधलेलं, १८३७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं. मधोमध इंजिन फिरवायच्या चक्रीचा पाया, भोवती बाहेरच्या भिंतीच्या खुणा, आणि चक्रीपासून चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले तीन-तीन फूट खोल खड्डे. तोवर डर्बीचं १८३९ चं गोल इंजिनघर जगात सगळ्यात जुनं समजत होते. हे त्याच्याही आधीचं ठरलं.

हे घर होतं कर्झन स्ट्रीट नावाच्या स्टेशनाचं. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचं ते एक टोक, दुसरं टोक लंडनचं यूस्टन. ११२ मैलांची ही लाईन पूर्ण सुरू झाली ती १८३८ साली, १७ सप्टेंबरला. त्या तारखेला आपल्याकडं मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन असतं, म्हणून मला ती एकदा वाचूनच पाठ झाली. कर्झन स्ट्रीटचं नशीब मात्र फार टिकलं नाही. १८५४ मध्ये शहराच्या मध्यात न्यू स्ट्रीट स्टेशन उघडलं, प्रवासी तिकडं गेले, आणि हे स्टेशन १९६६ पर्यंत मालधक्का म्हणून राहिलं. उंच खांबांची पुढची इमारत अजून उभी आहे. इंजिनघर मात्र जमिनीखाली गेलं होतं.

ती बातमी वाचल्यावर मी रात्रभर त्या खड्ड्यांचाच विचार करत होते. इंजिनघरातला खड्डा म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लहानपणी वडिलांचा, म्हणजे अण्णांचा डबा घेऊन शेडच्या फाटकापाशी उभी राहायचे, तेव्हा लांबून दिसायचं: इंजिनाच्या पोटाखालून माणसाचं फक्त डोकं आणि हातातली बत्ती. वरून गरम तेल ठिबकतंय आणि तो माणूस शांतपणे एकेक सांधा चाचपतोय. १८३७ सालीही बर्मिंगहॅममध्ये माणूस असाच खाली उतरत असणार. यंत्र बदललं, गेज म्हणजे रुळांमधलं अंतर बदललं, देश बदलला, तरी इंजिनाच्या पोटाखाली माणसानं उतरायचं ही गोष्ट तीच राहिली.

टर्मिनस, म्हणजे लाईन संपते ते स्टेशन, कसं मांडलेलं असतं हे तुम्हाला मी काय सांगावं! पण हे पत्र तुमची नातवंडंही वाचतील, म्हणून दोन शब्द. मधल्या स्टेशनावर गाडी येते आणि पुढं जाते. टर्मिनसवर इंजिन पुढं, डबे मागं, आणि इंजिनाच्या तोंडाशी बफर. इंजिन अडकलं. त्याला सोडवायला शेजारून एक मोकळी लाईन आणि एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे पॉइंट लागतात. सुटलं की त्याला विस्तव साफ करायचा असतो, राख टाकायची असते, कोळसा घ्यायचा, पाणी घ्यायचं, वाळू घ्यायची, तोंड फिरवायचं, आणि मग गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागायचं. ही सगळी कामं ज्या क्रमानं होतात, त्या क्रमानं जागा मांडलेल्या असल्या तर इंजिन एका फेरीत तयार होतं. क्रम चुकला की दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं, आणि पॉइंट्समनच्या नावानं शिव्या. चांगल्या टर्मिनसचा नकाशा पाहिला की इंजिनाचा दिवस कसा जातो ते वाचता येतं.

यूस्टनचंच बघा. १८३७ मध्ये तिथं फलाट दोनच, एक सुटणाऱ्या गाड्यांचा, एक येणाऱ्यांचा. आणि इंजिनं तिथं येतच नसत. स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच चढ, म्हणून इंजिनं वर कॅम्डनला थांबवलेली. जमिनीखालच्या तळघरात बसवलेली वाफेची यंत्रं दोर ओढत आणि गाडी तो चढ चढे. उलट दिशेनं येणारी गाडी उतारावरून ब्रेकवाल्यांच्या भरवशावर खाली येई. १८४४ पर्यंत हे असंच चाललं. म्हणजे एका चढामुळं सगळं टर्मिनस दोन ठिकाणी फाकलं: माणसं खाली, इंजिनं वर.

आणि इंजिनघर गोल का? गोल घरात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा ओटा, म्हणजे उभं राहायची जागा. हवं ते इंजिन चक्रीवर घ्या, फिरवा, बाहेर काढा, दुसऱ्याला हलवायची गरज नाही. सरळ शेडात पुढचं इंजिन अडून बसलं तर मागचं निघत नाही. पण गोल घराची सगळी भिस्त एका चक्रीवर. ती अडकली की आतली सगळी इंजिनं कोंडली. शिवाय चक्रीच्या लांबीपेक्षा इंजिन मोठं झालं की ते घरच निकामी. कॅम्डनला १८४७ मध्ये याच रेल्वेच्या वारसदार कंपनीनं मालगाड्यांच्या इंजिनांसाठी मोठं गोल घर बांधलं. थोड्याच वर्षांत इंजिनं लांब झाली, ती त्यात मावेनात, आणि घराचं दारूचं गोदाम झालं. आज तिथं नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. इमारत वाचली, कारण ती सुंदर होती. आपल्या पत्र्याच्या शेडांना ते भाग्य कुठलं?

आता माझ्या मुद्द्यावर येते. बर्मिंगहॅमच्या लोकांनी खड्डे मोजले, फोटो काढले, नकाशे केले. फार चोख काम केलं, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण कुठल्या ओट्यावर आजारी इंजिन लावायचे, रात्रपाळीचा पोरगा ऊब घ्यायला कुठं बसायचा, पावसात पाणी कुठून आत शिरायचं, हे जमीन सांगत नाही. आणि तिथं विचारायला माणूस उरलेला नाही. १८३७ चा फायरमन कुठून आणणार? आपल्याकडं बरोबर उलटं आहे. आपली जागा गेली, पण माणसं आहेत. तुम्ही आहात.

जागा कशी जाते हे लातूरकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. १९११ मध्ये बार्शी लाईट लातूरला पोचली आणि तिथं थांबली. लातूर हे तिचं टोक. अडीच फुटांची ती लाईन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं असा हिशेब बसवला होता की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडते. गाडी कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी करत यायची. पुढं मोठी लाईन झाली, स्टेशन गावाबाहेर गेलं. आज लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा एक पत्ता आहे. दवाखान्याच्या पाटीवर आहे, लग्नपत्रिकेत आहे. रूळ नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी या मार्गानं आली, आणि हा रस्ता बहुतेक मूळचा बार्शी लाईटचाच, नंतर रुंद केलेला. ज्या छोट्या लाईनचं टर्मिनस आपण विसरलो, तिच्याच वाटेनं पाणी आलं.

हिंगोलीचंही तसंच. निजामाच्या राज्यातली मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज (एक मीटर रुंदीची) लाईन १९०० च्या सुमारास झाली आणि पूर्णेहून हिंगोलीचा फाटा १९१२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ती लाईन पुढं अकोला-खांडव्याकडं वाढली. तोवर अनेक वर्षं हिंगोली हे लाईनचं टोकच होतं. म्हणजे तिथंही इंजिन सोडवायची, पाणी भरायची, परतीला लावायची सगळी मांडणी असणार. ती कुणाच्या डोळ्यांसमोर आहे अजून? तुमच्या वडिलांनी सांगितलेली असेल तरी चालेल. हिंगोलीकरांनो, हे खास तुम्हाला विचारते आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हे मागणं मागायचा मला हक्क नाही.

अण्णा १९९२ साली रिटायर झाले. २०११ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली होती. बोलता बोलता मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या शेडचा नकाशा काढा की मला.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं, जून महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि कंदिलाच्या उजेडात पेन्सिलीनं काढायला बसले. आधी फलाट, मग मेन लाईन, मग शेडकडं वळणारी लाईन. मग पाण्याचा खांब. मग कोळशाचा ढीग, तो त्यांनी खरोखर काळा करून टाकला. मग लिंबाचं झाड. मग राखेचा खड्डा.

राखेचा खड्डा त्यांनी फलाटापेक्षा मोठा काढला.

मी ड्रॉइंगची बाई. मला ते बघवेना. मी म्हटलं, “अण्णा, खड्डा एवढा मोठा कसा असेल? स्केल चुकलं.” ते म्हणाले, “इतकाच आहे.” मी खोडरबर घेतलं आणि खड्डा लहान केला. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फलाटावर आपण किती वेळ असतो गं? दहा मिनिटं. हितं तासभर उभं ऱ्हावं लागतं.”

त्यांनी नकाशा अंतरानं नाही, मेहनतीनं मोजला होता. इंजिन खड्ड्यावर आणायचं, जाळीवरून विस्तव खाली ओढायचा, चिकटलेली खंगर, म्हणजे जळून घट्ट झालेली राख, सळईनं फोडायची, पुढच्या धुरपेटीचं दार उघडून काजळीची राख फावड्यानं उपसायची, वर पाणी मारायचं. वाफ, धूर, गंधकाचा वास, डोळ्यांत चुरचुर. उन्हाळ्यात परभणी-पूर्णेकडं सावलीतसुद्धा चटके बसतात, तिथं हे काम. ज्या माणसानं हे वर्षानुवर्षं केलं, त्याच्या नकाशात तो खड्डा मोठाच असणार. मला ते त्याच क्षणी कळायला हवं होतं. नाही कळलं. मी वर्गात शिकवायची तेच घरी शिकवायला गेले. त्यानंतर मी दोन-तीनदा कागद पुढं ठेवला, पण अण्णांनी पेन्सिल हातात घेतली नाही. “तूच काढ, तुला चांगलं येतं,” म्हणाले. २०१३ मध्ये ते गेले. इंजिनं कुठं वळवायची, रनिंग रूमचं (ड्रायव्हर-फायरमनच्या विश्रांतीच्या खोलीचं) दार कुठल्या बाजूला होतं, कॉल बॉय रात्री ड्रायव्हरांना उठवायला कुठल्या वाटेनं यायचा, हे सगळं त्या पानावर यायचं राहिलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, स्केलची काळजी करू नका. फुटपट्टी घेऊच नका. कॅलेंडरचं पान, मुलांची वही, काहीही चालेल. सुरुवात तुम्ही रोज आत शिरायचा त्या जागेपासून करा. फाटकातून आत गेलात, हजेरी कुठं लावली, लाईन बॉक्स (ड्यूटीवर न्यायची पेटी) कुठं ठेवला, मग पावलं कुठं वळली, तसतशी पेन्सिल चालू द्या. सूर्य कुठून उगवायचा ते एका कोपऱ्यात लिहा म्हणजे दिशा कळेल. अंतर आठवलं तर पावलांत सांगा, नाही आठवलं तर वेळेत सांगा: इथून तिथं जायला विडी संपायची, असं लिहिलंत तरी मला पुरेसं आहे. वायपी म्हणजे प्रवासी गाड्यांची इंजिनं कुठं उभी करायचे, वायजी म्हणजे मालगाड्यांची कुठं, ते लिहा. इंजिन चक्रीवर फिरवायचे की त्रिकोणी लाईनवरून, ते दाखवा. चक्री असेल तर ती ढकलायला किती माणसं लागायची तेही. कोळसा टोपल्यांनी चढवायचे की आणखी कशानं? पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या नदीचं, आणि बॉयलरला ते मानवायचं का? जी वस्तू मोठी वाटते ती मोठी काढा. ज्या जागेची भीती वाटायची तिथं तसं लिहा. माणूस कुठं भाजला, कुठं घसरला, तेही लिहा, कुणाचं नाव घेऊ नका.

आणि नावं तुमच्या तोंडातली लिहा. आमच्या कॉलनीत मराठी, तेलुगू, दखनी, हिंदी सगळ्या एका नळावर पाणी भरायच्या. एकाच वस्तूला तीन-तीन नावं होती. फिटरकाका एक म्हणायचे, ड्रायव्हरचाचा दुसरं. जे म्हणायचात तेच कागदावर येऊ द्या, इंग्रजी मॅन्युअलमधलं शोधत बसू नका. लिहिता येत नसेल तर नातवंडाला शेजारी बसवा, तुम्ही बोला आणि त्याला लिहू द्या. त्याच्या मोबाईलवर तुमचं बोलणं रेकॉर्ड झालं तर फारच उत्तम. फक्त त्याला एक सांगून ठेवा: आजोबांचं पुसायचं नाही.

मावश्यांनो, तुम्हाला मी मुद्दाम सगळ्यांत सामील केलंय. शेडात तुमची हजेरी नव्हती, पण राखेच्या ढिगाऱ्याचा नकाशा तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे? अर्धवट जळलेले कोळसे वेचायला पहाटे घमेलं घेऊन आपण जायचो. ताजी राख कुठं टाकतात, कुठली थंड झालेली असते, कुठल्या बाजूनं गेलं की वॉचमन दिसत नाही, हे सगळं आपल्या पायांना माहीत होतं. कित्येक घरांच्या शेगड्या त्या कोळशावर पेटल्या. ती वाटही नकाशावर आली पाहिजे, नाहीतर तो नकाशा अर्धाच.

काढलेला कागद घरात ट्रंकेत ठेवून देऊ नका. मागं तारीख घाला, आपलं काम आणि स्टेशन लिहा, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत तिथं होतात ते लिहा. एक झेरॉक्स गावातल्या वाचनालयात द्या, एक शाळेत. एकाच शेडाचे चार जणांनी चार वेगळे नकाशे काढले तर ते एकमेकांशी जुळवून दुरुस्त करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चारही तसेच ठेवा. ड्रायव्हरचं शेड वेगळं, खलाशाचं वेगळं. चारही खरी आहेत.

मोजमापाचं काम माझ्यावर आणि माझ्या विद्यार्थ्यांवर सोपवा. जमिनीत अजून जे उरलं असेल, एखादी चौथऱ्याची कड, एखादा बुजलेला खड्डा, पाण्याच्या टाकीचे पाय, ते आम्ही परवानगी काढून टेप लावून मोजू. तो नकाशा वेगळा आणि तुमचा वेगळा. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे, एकावर एक नाही.

दिवाळीनंतर मी दर रविवारी पूर्णेला येणार आहे. कागदाचा रोल, मऊ पेन्सिली आणि बसायला सतरंजी आणते. खोडरबर आणणार नाही. गुडघे धरलेत म्हणून ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी निरोप धाडा, मी घरी येते. अण्णांचं पानही सोबत असेल. उजेडापुढं धरलं की मी खोडलेल्या मोठ्या खड्ड्याची रेघ त्यात अजून दिसते. त्यांच्यासोबत काम केलेलं कुणी असेल तर त्यांनी ते पान हातात घेऊन मला एवढंच सांगावं, की लिंबाच्या झाडापलीकडं काय होतं.

आपली,
पूर्णेच्या एका फायरमनची मुलगी